हायवेला गार, सिग्नलला गरम: कंप्रेसर बदलण्याआधी घरी एवढं बघा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. २०१६ची पेट्रोल हॅचबॅक, रोजचा रस्ता भांडुप ते अंधेरी, म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड. गाडी पळत असली की एसी ठीक चालतो, पवईला ट्रॅफिकमध्ये अडकली की पाच मिनिटांत कोमट वारा यायला लागतो. दीड वर्षात दोनदा गॅस भरला, दोन्ही वेळा महिना-दोन महिने बरं वाटलं. पाऊस लागल्यापासून डाव्या सीटच्या पायाशी मॅट ओली होते आणि काचांवर धुकं धरतं. शनिवारी आईला फिजिओथेरपीला दादरला न्यायचं असतं, तेव्हा फारच हाल होतात. आता गॅरेजने कंप्रेसर बदलायला सांगून बावीस हजारांचा अंदाज दिलाय, आणि हो म्हणण्याआधी घरी काही तपासता येईल का, हे तुम्ही विचारलंय.

येईल, आणि बरंच येईल. मी २६ वर्षं गाड्यांच्या एसीचंच काम करतोय. सुरुवातीची वर्षं लालबागला उस्तादांच्या हाताखाली, नंतर कांजूरमार्गला स्वतःच्या गॅरेजात. मला तुमच्या वर्णनात एक नाही, तीन तक्रारी दिसतात. गाडी उभी असताना गारवा जातो ही पहिली. गॅस पुन्हा पुन्हा कमी होतो ही दुसरी. पायाशी पाणी आणि काचांवर धुकं ही तिसरी. तिन्हींची एकत्र मोट बांधून त्यावर ‘कंप्रेसर’ अशी चिठ्ठी लावली गेलीय. कंप्रेसर खरंच गेलेला असू शकतो, गाडी न बघता मी नाही म्हणणार नाही. पण तुम्ही सांगितलेल्या गोष्टींवरून तो निष्कर्ष निघत नाही. गारवा जातो हे सगळेच सांगतात. तो नेमका कधी जातो, यावरून निदान होतं.

आधी गाडीप्रमाणे काय बदलतं ते सांगतो. काही नव्या गाड्यांत सिग्नलला इंजिन आपोआप बंद होतं. तुमच्या गाडीत तशी सोय असेल तर इंजिनाबरोबर कंप्रेसरही थांबतो आणि कोमट वारा येणं साहजिक आहे. ती सोय बटणाने बंद करून एक दिवस चालवून बघा. जुन्या पद्धतीच्या कंप्रेसरला पुढे क्लच असतो, एसी लावला की ‘टक्’ असा आवाज येतो आणि पुढची प्लेट फिरायला लागते. काही नव्या कंप्रेसरना क्लचच नसतो, तिथे हा आवाज येणार नाही आणि त्यावरून काही ठरवता येणार नाही. हे वाचणाऱ्या कुणाची गाडी हायब्रीड किंवा इलेक्ट्रिक असेल तर नारिंगी वेष्टणाच्या केबलला हात लावू नका. तिथला कंप्रेसर जास्त व्होल्टेजवर चालतो, ते घरचं काम नाही.

आता एसी करतो काय ते थोडक्यात, कारण पुढच्या चाचण्या त्यावरच आहेत. कंप्रेसर गॅस दाबतो, दाबलेला गॅस तापतो. बंपरमागे रेडिएटरच्या पुढे जी जाळी असते ती कंडेन्सर. तिथे वारा लागून गॅस निवतो आणि द्रव होतो. मग तो बारीक भोकातून डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये सुटतो, तिथे पुन्हा वाफ होताना आतल्या हवेची उष्णता ओढून घेतो. म्हणजे आतली उष्णता बाहेर टाकायची जागा कंडेन्सर आणि तिला लागतो वारा. गाडी पळते तेव्हा वारा फुकट मिळतो. उभी राहिली की सगळी भिस्त एका पंख्यावर असते.

मुंबईची हवा यात आणखी भर घालते. ३२ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असली की एका घनमीटर हवेत साधारण २३-२४ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. ती हवा १० अंशांपर्यंत गार केली तर तिच्यात नऊ-साडेनऊ ग्रॅमच मावतं, उरलेलं कॉइलवर पाणी होऊन गळतं. बाहेरची हवा आत घेत राहिलात आणि तासाला शंभर घनमीटर जरी आत आली तरी दीड लिटरच्या आसपास पाणी काढावं लागतं. वाफेपासून एक लिटर पाणी करताना एसीला जितकी उष्णता बाहेर फेकावी लागते, तितक्या उष्णतेत ३० अंशांचं आठ लिटर पाणी उकळीला येईल. नागपूरचा कोरडा ४२ अंशांचा दिवस आणि आपला दमट ३३चा दिवस यांत एसीची दमछाक वेगळ्या कारणाने होते ती ही. म्हणून पहिली तपासणी एका बटणाची. गाडीच्या चित्रात गोल बाण असलेलं, आतलीच हवा फिरवणारं बटण दाबा. ब्लोअरचा आवाज बदलला पाहिजे, बहुतेक गाड्यांत तो थोडा मोठा होतो. काहीच फरक पडला नाही तर आतली झडप बाहेरच्या हवेवर अडकलेली असू शकते. अशा गाड्या गॅस भरायला म्हणून माझ्याकडे येतात आणि झडप सुटी केली की बऱ्या होतात.

यापुढे अंदाजाने बोलायचं नाही, मोजायचं. भांड्यांच्या किंवा बेकिंगच्या सामानाच्या दुकानात पेनासारखा, टोकाला सळई असलेला डिजिटल थर्मामीटर मिळतो. तापाचा थर्मामीटर चालत नाही, तो इतक्या खालचं तापमान दाखवतच नाही. गाडी सावलीत पण मोकळ्यावर उभी करा. बंद गॅरेज किंवा तळघरातलं पार्किंग नको, तिथे सायलेन्सरचा धूर साठतो आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड कळायच्या आत बेशुद्ध करतो. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल. एसी पूर्ण गारव्यावर, हवा आतलीच, ब्लोअर मधल्या वेगावर, दारं-काचा बंद. डॅशबोर्डवर जिथून गार वारा येतो त्या मधल्या जाळीत थर्मामीटरची सळई खोवा. दहा मिनिटं थांबा आणि आकडा लिहून ठेवा. मग कुणाला तरी अ‍ॅक्सिलरेटर दाबून इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांवर धरायला सांगा आणि तीन-चार मिनिटांनी पुन्हा आकडा घ्या. माझा रोजचा हिशोब असा: बाहेर ३२ असताना १५०० फेऱ्यांवर ८ ते १२ अंश आले तर एसी तंदुरुस्त. नुसत्या आयडलवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता, १२ ते १५ असले तरी मी काळजी करत नाही. १८च्या वर अडकला तर दोष आहे.

आता तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची चाचणी. ‘पळताना गार, उभी असताना गरम’ ही तक्रार दोन वेगळ्या आजारांत येते. कंडेन्सरला वारा मिळत नसेल तर येते, आणि कंप्रेसर झिजला असेल किंवा गॅस कमी असेल तरीही येते, कारण पळताना इंजिनाच्या फेऱ्या वाढतात आणि अशक्त पंपही जास्त ओढतो. तुमच्या गॅरेजने दुसरं धरलंय, पहिलं तपासलेलं दिसत नाही. दोन्ही वेगळे करायचे असतील तर गाडी उभी, एसी चालू, जाळीतला आकडा चढलेला अशा अवस्थेत बागेच्या नळीने किंवा झारीने पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर हलकं पाणी सोडा. जोराचा फवारा नको, पंख्याच्या मोटरवर आणि वायरींवर नको. दोन-तीन मिनिटांत आकडा पाच-सहा अंशांनी खाली आला तर पंप काम करतोय, उष्णता बाहेर पडत नव्हती एवढंच. पाण्याने काहीच हललं नाही, पण फेऱ्या वाढवल्यावर आकडा उतरला, तर संशय गॅसवर आणि कंप्रेसरवर. दोन्हींनी थोडा थोडा फरक पडला तर दोन दोष एकत्र असू शकतात. इतक्या जुन्या गाडीत तेही दिसतं.

ही चाचणी मी का सोडत नाही ते सांगतो. कामाच्या तिसऱ्या वर्षी एका टूरिस्ट गाडीच्या चालकाला मी कंप्रेसर बदलायला सांगितला. गाडी हायवेला गार आणि सायनला गरम, अगदी तुमच्यासारखी. नवा कंप्रेसर बसवला, चौथ्या दिवशी माणूस तीच तक्रार घेऊन परत. पंख्याच्या मोटरचे कार्बन ब्रश झिजले होते, पंखा फिरत होता पण निम्म्या जोराने. उस्तादांनी मजुरी परत केली, पण त्या माणसाचे बुडालेले दिवस आणि उसने घेतलेले पैसे आम्ही परत करू शकलो नाही. मी तेव्हा पंखा ‘फिरतोय’ एवढंच पाहिलं होतं.

म्हणून तुम्ही नुसतं ‘फिरतोय’ पाहू नका. एसी लावल्यावर बहुतेक छोट्या गाड्यांत कंडेन्सरचा पंखा काही सेकंदांत सुरू होतो. वर्तमानपत्राचा एक पूर्ण कागद पुढच्या जाळीसमोर धरा आणि सोडा. पंखा निरोगी असेल तर कागद जाळीला चिकटून राहतो. गळून पडला तर ओढ कमी आहे. कागद उलट बाहेर ढकलला गेला तर कुणीतरी मोटरच्या वायरी उलट जोडल्यात, हेही मी पाहिलंय. पंख्याला दोन वेग असतील तर कमी वेगाचा रेझिस्टर जळून पंखा फक्त इंजिन खूप तापल्यावर सुरू होतो, तेव्हाही तक्रार नेमकी तुमच्यासारखीच असते. पंखा मुळीच फिरत नसेल तर फ्यूज बघा आणि पंख्याचा रिले बाजूच्या तशाच नंबरच्या रिलेशी बदलून बघा, बॉक्सच्या झाकणावर नकाशा असतो. एक सक्त सूचना: हा पंखा चावी काढलेली असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. बोटं, ओढणी, शर्टाची बाही त्याच्यापासून लांब. हात घालावाच लागला तर आधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा.

पंखा चांगला आणि तरी पाण्याने फरक पडला, तर कंडेन्सर चोंदलेला आहे. टॉर्च मारून जाळीत बघा. वरून स्वच्छ दिसतो, खरा गाळ कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या बोटभर फटीत बसतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर कित्येक महिने आमच्याकडे पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या येत होत्या आणि त्या फटीतून आम्ही वाळलेल्या चिखलाची अक्षरशः पोळी काढायचो. आता मेट्रोच्या आणि इमारतींच्या कामांची सिमेंटमिश्रित धूळ तेच करते, पावसात भिजून तिचा थर घट्ट होतो. साफ करायला साधा नळ आणि मऊ ब्रश पुरे. सर्व्हिस सेंटरचा प्रेशरचा फवारा जवळून मारू नका. अ‍ॅल्युमिनियमच्या पापड्या झोपतात आणि वारा कायमचा अडतो.

आतल्या बाजूचं पटकन सांगतो. केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, बॉक्सच्या दोन्ही बाजू आत दाबल्या की तो खाली येतो. फिल्टर काळा पडला असेल तर नवा घाला, त्यावरचा बाण हवेच्या दिशेने ठेवा. चाळीखाली किंवा सोसायटीच्या कचरापेटीजवळ गाडी उभी असते त्यांच्याकडे तिथे उंदराचं घरटं सापडणं नवीन नाही, वायरी कुरतडलेल्या असतील तर त्याही तेव्हाच दिसतात. ब्लोअर फक्त शेवटच्या वेगावर चालत असेल तर ब्लोअरचा रेझिस्टर गेलाय, तो स्वस्तातला भाग आहे. आणि तासभर गाडी चालल्यावर वाऱ्याचा जोरच कमी होत असेल, एसी दहा मिनिटं बंद ठेवला की पुन्हा येत असेल, तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय. त्याची कारणं तीन: चोंदलेला फिल्टर, बिघडलेला तापमानाचा सेन्सर किंवा कमी गॅस.

आता गॅस. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमचे पैसे इथेच गेलेत. एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो जळत नाही, जुना होत नाही, पातळ होत नाही. तोच तो फिरत राहतो. रबरी होजमधून आणि कंप्रेसरच्या सीलमधून वर्षानुवर्षं किंचित झिरपतो हे खरं, त्यामुळे पाच-सहा वर्षांनी एकदा भरावा लागला तर मी लीकेज म्हणत नाही. दीड वर्षात दोनदा खरंच कमी झाला असेल तर लीकेज आहे. ते न शोधता भरलेला गॅस म्हणजे फुटक्या माठात पाणी.

दुसरी शक्यताही आहे, आणि तुमच्या बाबतीत ती मला खरी वाटते. गॅस फारसा कमी नव्हताच, पंखा कमकुवत होता. अशा गाडीत आणखी गॅस भरला तर पुढच्या बाजूचा, म्हणजे कंप्रेसरमधून कंडेन्सरकडे जाणाऱ्या गॅसचा दाब आणखी चढतो. मुंबईच्या उन्हाळ्यात आर-१३४ए गॅसवर चालणाऱ्या निरोगी गाडीत हा दाब साधारण २०० ते २५० पीएसआय असतो. वारा नसेल तर तो ३००च्या पुढे जातो, एका मर्यादेनंतर प्रेशर स्विच कंप्रेसर तोडतो आणि तुमच्या अंगावर कोमट वारा येतो. एका छोट्या हॅचबॅकमध्ये गॅस बसतो तो सगळा मिळून ३५० ते ४५० ग्रॅम. बॉनेटच्या आतल्या स्टिकरवर तुमच्या गाडीचा नेमका आकडा आणि गॅसचा प्रकार छापलेला असतो. त्यात पन्नास ग्रॅम कमी-जास्त झाले तरी दहा टक्क्यांहून जास्त फरक पडतो. आणि इंजिन बंद असताना दाबाचं मीटर लावून ‘गॅस भरपूर आहे’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. ३० अंशांना हा गॅस आत थोडासा द्रवरूपात शिल्लक असेपर्यंत सुमारे ९७ पीएसआय दाब दाखवतो. आत २०० ग्रॅम असो की ४००, काटा तिथेच. गॅस किती आहे हे कळायचा एकच मार्ग आहे: सगळा काढून वजन करणं.

याच कारणाने घरी कॅनमधून गॅस भरू नका. त्यात आणखी दोन धोके आहेत. हा गॅस वातावरणाच्या दाबाला उणे २६ अंशांना उकळतो, हातावर किंवा डोळ्यात उडाला तर गोठवून जखम करतो. आणि तो हवेत सोडणं वाईट, कारण एक किलो आर-१३४ए वातावरण तापवायला साधारण १,४०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका समर्थ आहे. लीकेज बुजवणारं औषध घातलेले डबे तर अजिबात नकोत. ते बारीक भोकं बुजवतात, त्यात एक्सपान्शन व्हॉल्व्हचंही, म्हणजे ज्यातून गॅस कूलिंग कॉइलमध्ये सुटतो ते भोक आलं.

लीकेज शोधायला मात्र तुम्ही मदत करू शकता. गॅसबरोबर आतलं तेलही बाहेर येतं आणि त्यावर धूळ बसते. इंजिन बंद आणि गार असताना टॉर्च घेऊन पाइपांचे जोड, कंडेन्सरचे कोपरे, कंप्रेसरचं तोंड बघा. जिथे तेलकट काळा डाग दिसेल त्याचा फोटो काढा. गॅस भरायच्या दोन्ही नोझलवर प्लॅस्टिकची टोपी आहे का बघा. ती काढून साबणाच्या पाण्याचा एक थेंब टाका, बुडबुडा फुगला तर आतली पिन गळतेय, आणि सगळ्यात स्वस्त दुरुस्ती हीच. गाडी समुद्राजवळ, वर्सोवा-वरळीकडे उभी राहत असेल तर खाऱ्या वाऱ्याने कंडेन्सरला बारीक छिद्रं पडतात. तुमची भांडुपला असते, तरी पुढून उडालेल्या खडीचे घाव तपासा.

आता पाणी. एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकणं चांगलं लक्षण आहे, पावसाळ्यात तर चांगली धार लागते. तुमच्याकडे ते खाली पडत नसेल आणि मॅट ओली होत असेल तर कूलिंग कॉइलची निचऱ्याची नळी चोंदलीय. आपल्याकडे कॉइल डाव्या बाजूला ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असते, म्हणून डावीच मॅट भिजते. नळीचं टोक गाडीखाली, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळ दिसतं. त्यातून मऊ प्लॅस्टिकची केबल टाय हळूच वर सारा, साठलेलं पाणी भसकन येईल. तार किंवा स्क्रू ड्रायव्हर घालू नका, कॉइलला भोक पडलं तर डॅशबोर्ड उतरवावा लागतो. गाडी जॅकवर चढवून खाली शिरू नका, त्याऐवजी फुटपाथच्या उतारावर उभी करून हात पोचतो तेवढंच करा.

पाणी पावसाचं आहे की एसीचं, हे ठरवायलाही सोपं आहे. एसी बंद ठेवून पुढच्या काचेच्या तळाशी, वायपरजवळ चार-पाच तांबे पाणी ओता. पायाशी ओल आली तर तिथला निचरा झाडाच्या पानांनी बुजलाय. आणि मॅटवरचं पाणी हिरवट किंवा गुलाबी, बोटाला बुळबुळीत, गोडसर वासाचं असेल तर ते एसीचं नाही, हीटरच्या कॉइलमधून गळणारं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव आहे. तसं असेल तर गाडी चालवू नका, इंजिन तापून बसेल.

काचांवरचं धुकं मला या ओल्या मॅटचंच वाटतं. कॉइल हवेतलं पाणी काढते, ते बाहेर न जाता आत साठतं आणि पुन्हा हवेत मिसळतं. निचरा मोकळा करा, मॅट आणि खालचा फोम उन्हात पूर्ण वाळवा, नाहीतर वासही जाणार नाही. तोवर पावसात धुकं धरलं तर एसी चालू, बाहेरची हवा, वारा पुढच्या काचेवर आणि तापमानाचं बटण किंचित गरमकडे, असं करा. कोरडी कोमट हवा काच पटकन साफ करते. बोट फिरवून बघा, धुकं काचेच्या बाहेरून असेल तर उलट करायचं: काचेवरचा गार वारा बंद आणि वायपर एक फेरी.

हीटर मुंबईत कुणी लावत नाही म्हणून तो कुणी तपासतही नाही, पण त्याने एसी बिघडतो. डॅशबोर्डमध्ये गरम आणि गार हवा मिसळणारी एक झडप असते. ती गरमकडे थोडी उघडी राहिली तर एसी उत्तम असूनही जाळीतून १८-२० अंशांचा वारा येतो. इंजिन तापल्यावर बटण पूर्ण गरम, मग पूर्ण गार असं दोन-तीनदा फिरवा. हवा स्पष्ट बदलली पाहिजे. बदलली नाही, किंवा डॅशबोर्डमधून टकटक आवाज आला, तर झडपेची केबल निसटलीय किंवा तिची छोटी मोटर गेलीय. गरम बाजूला वारा गरमच येत नसेल आणि डॅशबोर्डमध्ये गुळगुळ आवाज येत असेल तर कूलंट कमी आहे. ते बघायला रेडिएटरचं झाकण गरम इंजिनावर उघडू नका, बाजूच्या पांढऱ्या टाकीवरची खूण बघा.

म्हणजे तुमच्या हातात आता हे असेल: आयडलवरचा आणि १५०० फेऱ्यांवरचा जाळीतला आकडा, पाणी टाकल्यावरचा आकडा, कागद चिकटला की नाही, तेलकट डागाचे फोटो, आणि खाली पाणी पडतं की नाही. हे घेऊन गॅरेजमध्ये जा. पाण्याने आकडा उतरला असेल तर पंखा दुरुस्त करून आणि कंडेन्सर धुऊन, त्यानंतरच गॅसचं काम करायला सांगा. पंख्याची मोटर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर चौकशी केली तर वाजवी दरात मिळते, फक्त तुमच्या मॉडेलचीच घ्या.

गॅसचं काम सांगताना क्रम ठरवून सांगा. आतला गॅस काढून त्याचं वजन करायचं आणि ते मला दाखवायचं. मग नायट्रोजनचा दाब देऊन सगळे जोड साबणाच्या पाण्याने तपासायचे. नायट्रोजनच, साधी हवा नाही आणि ऑक्सिजन तर कदापि नाही, तेलाशी तो स्फोट करतो. लीकेज काढल्यावर निदान अर्धा तास व्हॅक्यूम मारायचा, म्हणजे पंपाने आतली हवा आणि ओलावा ओढून काढायचा, आणि पंप बंद करून मीटरचा काटा टिकतो का बघायचं. आपल्या हवेत ओलावा इतका असतो की ही पायरी वगळली तर आत राहिलेलं पाणी व्हॉल्व्हवर गोठतं आणि तेलाशी मिळून आम्ल तयार करतं. शेवटी स्टिकरवरच्या ग्रॅमइतका गॅस वजनकाट्यावर मोजून भरायचा. ‘मीटर बघून भरतो’ म्हणाले तर दुसरीकडे जा. आणि कोणता गॅस भरताय ते सिलिंडर बघून घ्या, स्वस्तात भरलेले काही गॅस ज्वलनशील असतात.

एवढं सगळं झाल्यावर, गॅस बरोबर वजनाचा, पंखा जोरात, आणि तरीही मीटरवर मागच्या बाजूचा, म्हणजे कॉइलकडून कंप्रेसरमध्ये परत येणाऱ्या गॅसचा दाब जास्त आणि पुढचा कमी राहिला, तर मात्र कंप्रेसर झिजलाय आणि तो बदलावा लागेल. आतून घरघर किंवा खडखड येत असेल तरीही. तेव्हा जुना कंप्रेसर उतरवल्यावर त्यातलं तेल पांढऱ्या कागदावर ओतून तुमच्यासमोर बघायला सांगा. तेल स्वच्छ निघालं तर नवा कंप्रेसर, नवा ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा भाग) आणि मोजून तेल, एवढ्यात काम होतं. त्यात धातूचा चंदेरी चुरा दिसला तर तो कंडेन्सरच्या बारीक नळ्यांतही गेलेला असतो, धुऊन पूर्ण निघत नाही आणि नवा कंप्रेसरही खातो. मग कंडेन्सर आणि एक्सपान्शन व्हॉल्व्हही बदलावे लागतात आणि बावीस हजार पुरत नाहीत. तो आकडा काम सुरू करण्याआधीच लिहून मागा.